फाईल बरोबर होती, तरी ऑर्डरी जुन्या मशीनवर गेल्या

हे प्रकरण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यातलं आहे. कारखान्याचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहितो, कारण सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली सांभाळणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते आणि ती येताना कुठलाही आवाज होत नाही.

कारखान्यात तीन मशीन आहेत, म्हणजे सर्व्हर. दारात एक लहान मशीन, त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि एनजिनएक्स हा आलेल्या विनंत्या पुढे सोपवणारा प्रोग्राम. हैदराबाद, बेंगळुरू, पुण्याचे व्यापारी ब्राउझरमधून ऑर्डर टाकतात तेव्हा विनंती आधी या दारातल्या मशीनकडे येते आणि ते ती आतल्या मशीनकडे सोपवतं. आतल्या मशीनवर ऑर्डरींचं ॲप्लिकेशन आणि डेटाबेस. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, उतरल्यावर हे ॲप्लिकेशन जुन्या मशीनवरून नव्यावर हलवलं गेलं. जुनं मशीन बंद केलं नाही. जुनी बिलं पाहायला लागतात, सीएंना मधूनच एखादा आकडा हवा असतो, म्हणून ते तसंच चालू ठेवलं. त्यावर जुनं ॲप्लिकेशन होतं, जुना डेटाबेसही होता आणि दोन्ही पूर्ण जिवंत होते.

हे स्थलांतर करणारा मुलगा हुशार. मार्चअखेर त्याला पुण्यात नोकरी लागली आणि काम माझ्याकडे आलं. त्याने दोन तास बसून सगळं दाखवलं, पासवर्ड दिले. मी मान डोलावली आणि ताबा घेतला. फोल्डर उघडून एकेक फाईल वाचली नाही. ही चूक माझी.

शुक्रवार ते सोमवार

मे महिन्यातला शुक्रवार. दुपारभर अंगाची लाही, संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि त्याच्याबरोबर वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटं तग धरला. जनरेटर सुरू होईपर्यंत तिन्ही मशीन बसली होती. वीज आल्यावर ती आपोआप उठली. ऑफिसातून फोन आला, "सर, सगळं चालू झालं." मी मोबाईलवर व्यापाऱ्यांचं पान उघडून पाहिलं. लॉगिनचा चौकोन दिसला. मी निश्चिंत झालो.

शनिवारी दोन व्यापाऱ्यांनी तक्रार केली की पासवर्ड चालत नाही. ऑफिसातल्या बाईंनी नवा पासवर्ड करून दिला, तरी चालेना. त्यांना वाटलं, ते चुकीचं टाइप करत असतील. मलाही तेच वाटलं. त्या दोघांनी फेब्रुवारीनंतर पासवर्ड बदलले होते, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा सुचली. शुक्रवार संध्याकाळनंतर ऑफिसच्या यादीत एकही नवी ऑर्डर दिसत नव्हती. त्याचंही कुणाला नवल वाटलं नाही. लग्नसराई आहे, बाजार मंदावला असेल, अशी समजूत करून घेतली.

सोमवारी सकाळी हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. माल कधी निघतोय, एवढंच विचारत होता. ऑर्डर नंबर त्याने सांगितला, डिस्पॅचच्या माणसाने तो टाकला आणि मग मला फोन लावला.

"ओ सर, हा नंबर तर दुसऱ्याच पार्टीचा दिसायलाय. गड्डा उतरल्यावर गेलेला माल हाय हा. आन् हे म्हणायलेत तो दरबी जुना हाय."

सुताचा भाव वाढल्यामुळे एप्रिलमध्ये दरपत्रक बदललं होतं. व्यापाऱ्याला दिसत होता तो त्याआधीचा दर.

शोध कुठे चुकला

माझी पहिली शंका अशी की वीज जाण्याच्या गडबडीत कुणी जुना बॅकअप नव्या डेटाबेसवर चढवला असेल. डेटाबेस तपासला. ठणठणीत होता, शुक्रवार संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी जागेवर होत्या. मग दारातल्या मशीनवर जाऊन एनजिनएक्सची फाईल उघडली. तिचं नाव ऑर्डर.कॉन्फ. विनंती कुणाकडे सोपवायची ती ओळ वाचली. पत्ता नव्या मशीनचा होता. फाईल शंभर टक्के बरोबर होती.

इथेच तासभर गेला. बरोबर फाईल पुन्हा पुन्हा वाचण्यात माणूस अडकतो. अशा वेळी काय करायला हवं ते आता मला पक्कं कळलंय: फाईल काय म्हणते ते सोडून वाहतूक कुठे जाते ते पाहायचं. नव्या मशीनच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत, शुक्रवार संध्याकाळनंतर बाहेरची एकही विनंती नव्हती. होते ते फक्त ऑफिसचे पत्ते, कारण ऑफिसातली माणसं दारातल्या मशीनकडून न जाता थेट आतल्या मशीनचा पत्ता टाकून काम करतात. म्हणून त्यांना सगळं नीट दिसत होतं आणि व्यापाऱ्यांना नाही. जुन्या मशीनचा लॉग उघडला तर तो भरून वाहत होता.

मग एनजिनएक्सला त्याने वाचलेली सगळी सेटिंग एकत्र छापायला लावली. चाचणीच्या आज्ञेत छोट्या टीऐवजी कॅपिटल टी दिला की तो प्रत्येक फाईलच्या नावासकट पूर्ण मजकूर ओततो. त्यात एकाच नावाची दोन दालनं निघाली. दालन म्हणजे एका साइटच्या सेटिंगचा गट, इंग्रजीत सर्व्हर ब्लॉक. एक ऑर्डर.कॉन्फमधलं. दुसरं ऑर्डर-जुनी.कॉन्फ नावाच्या फाईलमधलं, आणि त्यात जुन्या मशीनचा पत्ता.

एक गोष्ट मी उलट्या क्रमाने केली. जुन्या मशीनचा लॉग दिसताक्षणी तिथलं ॲप्लिकेशन आधी बंद करायला हवं होतं. व्यापाऱ्यांना पान दिसलं नसतं तरी चाललं असतं. मी कारण शोधत राहिलो, आणि तेवढ्या वेळात आणखी चार ऑर्डरी चुकीच्या डेटाबेसमध्ये पडल्या.

एक हायफन आणि एक टिंब

ती फाईल तिथे आली कशी? सोडून गेलेल्या मुलाला फोन केला. त्याने काहीही न लपवता सांगितलं. जानेवारीत बदल करण्याआधी त्याने मूळ फाईलची प्रत स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवली होती, तिथवर काहीच बिघडलं नव्हतं. मार्चमध्ये जाताना त्याच्या लक्षात आलं की आपलं खातं बंद झालं की ती प्रतही जाईल. पुढच्या माणसाला लागली तर असावी, म्हणून त्याने ती मूळ फाईलशेजारी नेऊन ठेवली. काळजीपोटी केलेलं काम होतं ते.

पण एनजिनएक्स त्या फोल्डरमधल्या, शेवटी कॉन्फ असलेल्या सगळ्या फायली वाचतो. वाचण्याचा क्रम नावांप्रमाणे. दोन्ही नावं 'ऑर्डर'पर्यंत सारखी. पुढे एकीत हायफन, दुसरीत टिंब. संगणकाच्या अक्षरक्रमात हायफन टिंबाच्या एक पाऊल आधी येतो. म्हणून जुनी फाईल आधी वाचली गेली. एकाच पत्त्यावर एकाच नावाची दोन दालनं असली तर एनजिनएक्स पहिलं धरतो आणि दुसरं सोडून देतो. तो थांबत नाही. हाताने चाचणी चालवली तर एक इशारा छापतो की नावाची टक्कर झाली, दुर्लक्ष केलं, आणि खाली लिहितो की चाचणी यशस्वी. शेवटची ओळ वाचून उठणाऱ्याला इशारा दिसतच नाही.

मग मार्चपासून मेपर्यंत सगळं सुरळीत कसं चाललं? कारण चालू असलेला एनजिनएक्स डिस्कवरची फाईल पुन्हा पुन्हा वाचत नाही. सुरू होताना वाचतो, किंवा रीलोड, म्हणजे सेटिंग पुन्हा वाच, असं सांगितलं तर वाचतो. रोज रात्री लॉग बदलताना त्याला एक सिग्नल जातो खरा, पण त्या सिग्नलने फक्त लॉगच्या फायली नव्याने उघडतात, सेटिंगला हात लागत नाही. साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट वर्षभराचं होतं, त्यामुळे नूतनीकरणानंतरचं रीलोडही मध्ये आलं नाही. आपोआप होणारी अपडेट बंद ठेवलेली होती. तेव्हा जवळजवळ दोन महिने मशीनच्या स्मरणात एक सेटिंग होती आणि डिस्कवर दुसरी. वीज गेली आणि डिस्कवरची खरी ठरली.

सेटिंगच्या फायलींबद्दल मी जे काही शिकलोय त्यातलं हे सगळ्यात मोलाचं. फाईल सेव्ह केली की बदल झाला असं आपण धरून चालतो. पण तो बदल अजून झालेला नसतो, फक्त मांडून ठेवलेला असतो. तो लागू कधी होईल हे आपण ठरवलं नाही, तर महावितरण ठरवतं.

दुसरी गोष्ट, 'जुनी प्रत शेजारी ठेव' ही सवय प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळी वागते. उबुंटूवर अपाची हा दुसरा वेब सर्व्हर आपल्या चालू साइटांच्या फोल्डरमधल्या फक्त कॉन्फ शेपटीच्या फायली वाचतो, म्हणून बॅक शेपटीची प्रत तिथे निरुपद्रवी. एनजिनएक्सचं चालू साइटांचं फोल्डर (आमची फाईल होती त्याहून वेगळं) असेल तर मात्र आतलं सगळंच वाचलं जातं, शेपटी कुठलीही असो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाईल चालवलीच जात नाही, त्यामुळे तिथे उलटा घोटाळा होतो: कामाची फाईल ठेवली, नावात टिंब पडलं आणि रात्रीचं काम महिनोन्महिने झालंच नाही. कुणाला प्रशासकाचे हक्क द्यायचे ते ठरवणाऱ्या सुडोच्या फोल्डरचंही असंच, टिंब असलेली किंवा शेवटी लाटेची खूण (~) असलेली फाईल तो सोडतो. कोण जिंकतो याचेही नियम वेगळे. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या सर्व्हरमध्ये एखादी सेटिंग पहिल्यांदा जिथे सापडते ती धरली जाते. सिस्टीमच्या गाभ्याच्या सेटिंग लावणाऱ्या सिसकंट्रोलमध्ये शेवटची धरली जाते. हे सगळं पाठ असण्याची गरज नाही. पण ज्या फोल्डरमध्ये आपण फाईल टाकतोय ते फोल्डर कोण वाचतं आणि कसं, हे टाकण्याआधी पाहायलाच हवं.

दुरुस्ती

तांत्रिक दुरुस्ती पाच मिनिटांची. जुनी फाईल त्या फोल्डरमधून काढली, चाचणी घेतली, या वेळी इशाऱ्याची ओळ नाही याची खात्री केली, रीलोड केलं, बाहेरच्या मोबाईल नेटवरून एक खोटी ऑर्डर टाकून ती नव्या मशीनवर उतरते का ते पाहिलं.

खरं काम पुढे होतं. चुकीच्या डेटाबेसमधल्या ऑर्डरी एकेक करून नव्यात भरायच्या, नंबर बदलायचे, प्रत्येक व्यापाऱ्याला फोन करायचा. दराचं काय, हा प्रश्न मालकांकडे गेला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दर आपणच दाखवला न्हवं का त्यांना? मग तेवढ्या ऑर्डरी त्याच दरानं सोडा." नुकसान त्यांनी सोसलं. मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

नंतर काय बसवलं

पहिलं काम जुन्या मशीनवर केलं. तिथल्या ॲप्लिकेशनच्या डेटाबेस खात्याचे लिहिण्याचे हक्क काढून घेतले, फक्त वाचण्याचे ठेवले. बिलं दिसतात, सीएंचं काम होतं, नवी ऑर्डर मात्र तिथे उतरूच शकत नाही. हे जानेवारीतच केलं असतं तर शुक्रवारी संध्याकाळी पहिल्याच व्यापाऱ्याला लाल अक्षरात एरर आली असती आणि तासाभरात आम्ही जागेवर असतो. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त किंमत याच एका गोष्टीला आहे. फायलींची शिस्त कितीही पाळली तरी कधीतरी चूक होणार, आणि ती होईल तेव्हा ती ओरडली पाहिजे.

मग फायलींचा इतिहास. दारातल्या आणि नव्या मशीनवर ईटसीकीपर बसवला. जोई हेस यांनी २००७ मध्ये सुरू केलेला हा छोटा प्रोग्राम संपूर्ण ईटीसी फोल्डर, म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या फायलींचं घर, गिट या फायलींचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ठेवतो, पॅकेज बसवताना आधी-नंतर नोंद करतो आणि रोज एकदा, कुणी नोंद न करता सोडलेले बदल स्वतःहून टिपतो. गिटला फायलींचे मालक आणि परवानग्या नीट सांभाळता येत नाहीत, तेही हा वेगळे लिहून ठेवतो. शेजारी प्रत ठेवण्याचं कारणच त्यामुळे संपलं. जुनी फाईल हवी तर इतिहासातून काढायची. एक सावधगिरी: ईटीसीमध्ये पासवर्डांचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, असतात, सर्टिफिकेटच्या गुप्त किल्ल्या असतात, आणि ते सगळं या इतिहासातही जातं. म्हणून तो बाहेरच्या कुठल्याही गिट सेवेवर ढकलायचा नाही. आमचा इतिहास मशीनवरच राहतो, फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याला, दिसतो, आणि त्याची कुलूपबंद प्रत बॅकअपमध्ये जाते.

पहिल्यांदा सगळं टिपायच्या आधी दोन्ही मशीनच्या ईटीसीमधून पडून राहिलेल्या प्रती वेचल्या. जुनी, नवी, खरी-नवी, टेस्ट, अशी नावं. प्रत्येक फाईल कुठला प्रोग्राम वाचतो ते पाहूनच हलवली. दुपार गेली त्यात.

इतिहास काय बदललं ते सांगतो, का बदललं ते सांगत नाही. त्यासाठी वही केली. साधी दोनशे पानी वही, यूपीएसच्या शेजारी खिळ्याला टांगलेली. वही का, असं मला एका मित्राने विचारलं. सर्व्हर बसलेला असताना सर्व्हरवरची माहिती वाचता येत नाही, म्हणून. आणि वही मराठीत लिहायची हेही ठरवलं. फायलींची नावं आणि आज्ञा इंग्रजी अक्षरांत असतील तशा, पण कारण मराठीत. रात्री नऊ वाजता वीज गेल्यावर ती वही डिस्पॅचचा माणूस उघडणार आहे, मी नाही.

एक नोंद कशी असते ते दाखवतो:

"फाईल: ऑर्डर.कॉन्फ, दारातलं मशीन. काय: फाईल चढवण्याची मर्यादा १० एमबी केली. का: व्यापाऱ्यांना टॉवेलच्या डिझाइनचे फोटो पाठवता येत नव्हते, ४१३ एरर येत होती, ठरवून दिलं नाही तर एनजिनएक्स १ एमबीच घेतो. चाचणी: इशारा नाही. रीलोड: केलं, दुपारी २.१०. पाहिलं: बाहेरून ६ एमबीचा फोटो चढला. परत फिरवायचं तर: इतिहासातली आधीची फाईल आणून पुन्हा रीलोड."

यातला 'रीलोड केलं' आणि 'पाहिलं' हा भाग रिकामा असेल तर ती नोंद अपुरी, मग बदल कितीही छोटा असो. पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत. कुठल्या फाईलमध्ये आहेत एवढंच लिहायचं. प्रत्येक सेटिंगच्या फाईलच्या डोक्यावरही दोन ओळींची टीप घातली: ही फाईल कशासाठी, आणि हिच्याशेजारी प्रत ठेवू नये, कारण ती प्रतही वाचली जाऊ शकते.

रोज सकाळी एक छोटी तपासणी आपोआप चालते. बाहेरच्या पत्त्यावरून, म्हणजे व्यापारी येतात त्याच वाटेने, ती शेवटचा ऑर्डर नंबर विचारते. तो कालच्यापेक्षा लहान आला तर मला आणि ऑफिसला संदेश. पान उघडतंय की नाही एवढंच पाहणं किती पोकळ आहे, ते त्या शुक्रवारच्या प्रकरणातून कळलं होतं.

अन्सिबलसारखं साधन का नाही, हा प्रश्न येणारच. सेटिंग एका ठिकाणी लिहून सगळ्या मशीनवर सारखी उतरवण्याची कल्पना जुनी आहे. ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन १९९३ मध्ये काढलं, मग २००५ च्या सुमारास पपेट, २०१२ मध्ये अन्सिबल. एकसारखी दहा मशीन असती तर मी पहिल्याच दिवशी अन्सिबल आणलं असतं. इथे तीन मशीन, तिघांची कामं वेगळी. शिवाय अन्सिबल आपण दिलेली फाईल जागेवर ठेवतो, पण फोल्डरमध्ये पडलेली जास्तीची फाईल आपणहून काढत नाही. आमचा आजार तर जास्तीच्या फाईलचाच होता.

रविवारचं रीस्टार्ट

शेवटचा नियम मांडला तेव्हा ऑफिसात थोडी कुरकुर झाली. महिन्यातून एका रविवारी सकाळी, माणूस हजर असताना, तिन्ही मशीन आपण होऊन बंद करून चालू करायची. "चांगलं चाललंय की ओ, कशाला बंद करायलाव?" असं हिशेबाच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मॅडम, ते उठताना काय वाचतंय ते मला उजेडात बघायचंय. अण्णांनी होकार दिला.

पहिल्याच रविवारी नवं मशीन उठलं नाही. स्क्रीनवर दीड मिनिट वाट पाहण्याचा आकडा चालला आणि मग आणीबाणीच्या मोडमध्ये पासवर्ड मागत थांबलं. डिस्का जोडण्याच्या फाईलमध्ये एका यूएसबी डिस्कची ओळ होती आणि ती डिस्क जोडलेलीच नव्हती. ती नसेल तर वाट न पाहता पुढे जा, असं सांगणारा पर्याय त्या ओळीत नव्हता. शुक्रवारी वीज गेली तेव्हा डिस्क जागेवर होती, म्हणून मशीन उठलं होतं. मधल्या दिवसांत कुणीतरी काढली. ओळीत तो पर्याय घातला, तपासणीची आज्ञा चालवली, पुन्हा रीस्टार्ट केलं, उठलं. बाईंनी कपाटाचा खालचा खण उघडला आणि डिस्क माझ्या हातात दिली. टेबल पुसताना लोंबकळत होती, म्हणून जपून ठेवली होती. वहीत नोंद त्यांनीच लिहिली. 'का' या रकान्यात त्यांनी लिहिलं: "मी काढली होती, सांगितलं नव्हतं." खाली सही केली आणि वही खिळ्याला अडकवली.